आई, इथे वारूळ कुठे आहे?

पत्र

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. आई कुडाळजवळच्या आमच्या गावाहून सप्टेंबरात आली, फेब्रुवारीपर्यंत आहे. गेल्या आठवड्यात इथे दोन-तीन दिवस चांगला पाऊस झाला आणि रविवारी मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि आई जवळच्या टेकड्यांवर फिरायला गेलो. एका ओकच्या झाडाखाली कुजलेल्या पानांतून दहा-बारा छत्र्या वर आल्या होत्या. काही पांढुरक्या, काही किंचित हिरवट-पिवळ्या. आई बघतच राहिली. ‘अगो, अळमी!’ म्हणाली. इतकी खूश मी तिला इथे आल्यापासून पाहिली नव्हती. नवऱ्याने चाकूने दांडे कापून दिले, मुलाने पिशवीत भरले.

घरी येऊन मी मोबाइलवरच्या ॲपला फोटो दाखवले. एका फोटोला त्याने भाताच्या पेंढ्यावर वाढणारी खाण्याची अळंबी म्हटलं, दुसऱ्याला भलतंच नाव दिलं. आईने तोवर सगळी धुऊन, चिरून, हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचं वाटप घालून सुकं करायचा बेत होता. मला झोप लागेना. रात्री दीडला उठले आणि डबा कचऱ्यात रिकामा केला.

सकाळी आई एवढंच म्हणाली, ‘माका शिकवू नको गो. अळमी माका ओळखूक येनत नाय?’ त्यानंतर चार दिवस जेवढ्यास तेवढं बोलते आहे. मी चुकले का? फोटो जोडले आहेत, ही कोणती अळंबी ते सांगाल का? पुढच्या वेळी खात्रीने ओळखण्याची काही रीत आहे का? आणि मुलाने ती हाताळली होती, त्याला काही होणार नाही ना?

— फ्रीमॉन्टहून एक लेक

उत्तर

मुलाचं आधी सांगते. काही होणार नाही. तुमच्याकडची सर्वांत विषारी अळंबीसुद्धा नुसती हातात धरल्याने बाधत नाही. विष पोटात जावं लागतं. हात साबणाने धुतले, सुरी आणि चिरायची फळी घासली की झालं. पत्र मिळालं त्या दिवशी मी तुम्हाला एका ओळीत एवढंच विचारलं होतं, की कोणी चाखून तरी पाहिली का. ‘नाही, कोणीच नाही’ हे तुमचं उत्तर आलं तेव्हा मी माझा चहा पुन्हा गरम करून घेतला.

फोटो तीनदा पाहिले. नाव सांगणार नाही. मी चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तरी फोटोवरून अळंबी ओळखणं ही फोनवरून नाडी बघण्यातली गत. तुमच्या फोटोंत तर जे बघायला हवं तेच नाही. दांडे चाकूने जमिनीलगत कापलेले आहेत. दांड्याचा जमिनीखालचा भाग कसा होता, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा प्रश्न आणि तो भाग ओकच्या झाडाखालीच राहिला. ॲपचाही यात फार दोष नाही. त्याला टोपी दिसली, टोपीसारख्या टोप्या त्याने शोधल्या.

पण नाव न सांगताही एक गोष्ट पक्की सांगता येते: ती तुमच्या आईची अळमी नव्हती. ती तिथे उगवूच शकत नाही.

कुडाळच्या तुमच्या आईला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून त्यांना सोबत बसवूनच पुढचं वाचा. मालवणी मुलखात आणि गोव्यात पावसाळ्यात जिच्यासाठी माणसं पहाटे उठून रानात जातात, विदर्भात जिला सात्या किंवा टेकोडे म्हणतात, ती अळंबी वाळवी पिकवते. वाळवी वाळलेली पानं, काटक्या, लाकूड खाते, पण ते नीट पचवायला तिला मदतनीस लागतो. म्हणून वारुळाच्या पोटात ती अर्धवट पचलेल्या या चोथ्याचे स्पंजासारखे गड्डे रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. आपल्यासारखीच शेती, फक्त काही कोटी वर्षं आधीपासूनची. ही बुरशी चोथा पचायला मऊ करते आणि स्वतःही वाळवीच्या पोटी जाते. पाऊस लागून जमीन ओली-उबदार झाली की तीच बुरशी वारुळातून एक लांब मुळासारखा दांडा वर पाठवते आणि सकाळी आपल्याला छत्री दिसते. शास्त्रात तिच्या गटाला टर्मिटोमायसेस म्हणतात. नावातच वाळवी, म्हणजे इंग्रजीतली टर्माइट, आहे.

ही शेती करणारी वाळवी फक्त आफ्रिका आणि आशियात आहे. अमेरिकेत वाळवी आहे, कॅलिफोर्नियातल्या घरांच्या वाशांना ती पुरेपूर ठाऊक आहे, पण बुरशी पिकवणारी वाळवी त्या सगळ्या खंडात कुठेही नाही. ती नाही म्हणून तिची बुरशी नाही, आणि बुरशी नाही तर अळमी कुठून येणार? तुमच्या आईने तिथल्या डोंगरावर जन्मभर शोधली तरी त्यांना ती मिळायची नाही.

आता आईंना हळूच विचारा, तुम्ही गावात अळमी शोधता ती कुठे? त्या म्हणतील वारुळाजवळ, अमक्या कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे दर वर्षी येते तिथे. कोकणात कोणी ‘छत्री दिसली, घेतली’ असं करत नाही. आधी जागा, मग अळमी. ज्या जागी आजीने काढली, आईने काढली, तिथेच. म्हणजे त्यांचा खरा नियम वारुळाचा होता आणि त्या दिवशी त्या स्वतःच तो विसरल्या. का विसरल्या, त्याकडे नंतर येते.

दुसरी खूणही त्यांना माहीत असेल. अळमी उपटायला गेलं की दांडा संपतच नाही. जमिनीलगत थोडा फुगीर वाटला तरी खाली निमुळता होत होत मुळासारखा खोल जातो. जपून उकरली नाही तर अर्ध्यात तुटते. छत्रीच्या माथ्यावर मधोमध टोक असतं, भाल्यासारखं, माती फोडायला. हे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवा आणि आता तुमच्या टेकडीवर काय असू शकतं ते ऐका.

ओकखाली, हिवाळ्याच्या पावसानंतर, पांढुरकी ते हिरवट-पिवळी टोपी. हे वर्णन वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण उत्तर कॅलिफोर्नियात ते डेथ कॅप या प्राणघातक अळंबीचंही वर्णन आहे. शास्त्रीय नाव अमॅनिटा फॅलॉइडिस. ही मूळची युरोपातली. युरोपातून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर ती अमेरिकेत पोचली असावी असं मानतात, आणि पुढे तिने तिथल्या किनारी ओकच्या मुळांशी सोयरीक जमवली. तिचे तंतू झाडाच्या मुळांना वेढून राहतात. झाडाकडून साखर घेतात, झाडाला पाणी आणि क्षार देतात. म्हणून ती झाडाखालीच सापडते आणि आता तुमच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, ती मुळीच दुर्मीळ राहिलेली नाही. तिची एक तिथलीच गोरीपान बहीणही आहे, अमॅनिटा ओक्रिएटा, हिवाळा सरता सरता ओकखालीच येते आणि तितकीच विषारी असते. तेव्हा ‘हिरवट असेल ती वाईट, शुभ्र ती चांगली’ असा नियम करू नका.

डेथ कॅपचा दांडा खाली जाताना निमुळता होत नाही. फुगतो आणि एका पांढऱ्या, फाटक्या पिशवीसारख्या वाटीत बसलेला असतो. अळमीच्या अगदी उलट. लहानपणी ती अख्खी त्या पिशवीत गुंडाळलेली असते, अंड्यासारखी. वाढताना पिशवी फाटते आणि तिचं बूड मातीत उरतं. दांड्यावर वरच्या बाजूला पातळ घागऱ्यासारखं कडं असतं, पण ते पावसाने गळूनही पडतं. टोपीखालचे कल्ले, म्हणजे माशाच्या कल्ल्यांसारखे ते उभे पापुद्रे, पांढरे असतात आणि जून झाल्यावरही पांढरेच राहतात. अळमीचे वयाबरोबर गुलाबीकडे झुकतात. ती वाटी मातीत, पानांखाली असते. चाकूने जमिनीलगत कापलं की पुरावाच कापला जातो. तुमच्या यजमानांना सांगा, चाकू चांगला आहे, पण तो घरी आंब्यासाठी ठेवा.

ॲपने म्हटलेली पेंढ्यावरची अळंबी खरोखर असते आणि तीच या गोंधळाची जुनी जागा आहे. आग्नेय आशियात ती घरोघरी खातात. तिलाही बुडाशी वाटी असते आणि कोवळेपणी दोघी अंड्याच्या रूपात इतक्या सारख्या दिसतात की तिकडून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांनी ओळखीची समजून डेथ कॅप शिजवल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. ती मंडळी अडाणी नव्हती. आपापल्या गावात त्यांना तुमच्या आईइतकंच कळत होतं. गावात जन्म काढलेले चुकतच नाहीत असंही नाही. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानातली अळंबी खाऊन १३ माणसं गेली, त्यांत बहुतेक चहामळ्यांच्या वस्त्यांतली होती.

तुमच्याच भागातली गोष्ट. २०१६ च्या डिसेंबरात उत्तर कॅलिफोर्नियात डेथ कॅपच्या विषबाधेचे १४ रुग्ण नोंदले गेले. तिघांचं यकृत बदलावं लागलं. त्यांत दीड वर्षाची एक मुलगी होती. ती जगली, पण तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या घरात अळंबी आली ती दुसऱ्या कोणीतरी डोंगरातून वेचून दिलेली. भाजून, सगळ्यांनी मिळून खाल्ली. हे भीती घालायला लिहीत नाही. त्या रात्री दीड वाजता तुम्हाला झोप का लागली नाही, ते आईंना कळावं म्हणून लिहिते.

हे विष कसं वागतं ते दोघींनी नीट समजून घ्या, कारण घरगुती शहाणपण नेमकं इथे फसतं. खाल्ल्यावर काहीच होत नाही. चव चांगली लागते. वाचलेली माणसंच तसं सांगतात. सहा तास, बारा तास, कधी जवळजवळ पूर्ण दिवस निवांत जातो. मग पटकीसारखे जुलाब आणि उलट्या. त्यानंतर, दुसऱ्या दिवसाच्या सुमाराला, बरं वाटू लागतं. जुलाब थांबतात, माणूस पेज मागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि त्याच वेळात आत यकृत निकामी होत असतं. पेशींना प्रथिनं बनवायची असतात, त्यासाठी लागणारं यंत्रच हे विष बंद पाडतं. पित्तावाटे ते पुन्हा आतड्यात येतं आणि आतड्यातून परत यकृताकडे जातं, असे फेरे चालू राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि शिजवून, वाळवून, मीठ लावून, उकळून पाणी फेकून हे विष जात नाही. हळदीने जात नाही. चांदीचा चमचा किंवा नाणं टाकून काळं पडतं का बघणं, लसूण निळी होते का, तांदूळ लाल होतो का, या सगळ्या परीक्षांत डेथ कॅप पहिल्या वर्गात पास होते. ‘किड्यांनी खाल्लीय म्हणजे माणसाला चालेल’ हे मी शिकल्या-सवरल्या माणसांकडून ऐकलं आहे. गोगलगाय डेथ कॅप खाते आणि पुढच्या पानावर जाते. तिचं शरीर वेगळं, आपलं वेगळं.

यापुढे कधी कोणी चुकून खाल्लीच, मूल असो वा मोठं माणूस, तर उलटीची वाट बघू नका. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा विषबाधेचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट असतो. फ्रिजवर लिहून लावा. उरलेली अळंबी, चिरलेली असली तरी, कागदी पिशवीत घालून सोबत न्या. प्लास्टिकमध्ये ती सडते आणि ओळखू येत नाही. किती वाजता खाल्ली आणि पहिला त्रास किती वाजता झाला, हे दोन आकडे डॉक्टरांना आधी सांगा. सहा तासांनंतर सुरू झालेली उलटी ही तास-दीड तासात झालेल्या उलटीपेक्षा जास्त घाबरण्यासारखी. आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून घरी यायचं नाही. इकडे महाराष्ट्रात असलेल्या वाचकांनी १०८ ला फोन करावा. बाकी सगळं हेच.

तास-दीड तासातली उलटी म्हटलं, ती आमच्या घरची आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉलनीच्या मैदानावर जुलैमध्ये भल्या मोठ्या छत्र्या उगवल्या, ताटाएवढ्या, पांढऱ्यावर तपकिरी खवले. कोवळ्या छत्रीचे कल्ले पांढरे, बुडाशी वाटी नाही. मी तेव्हा कॉलेजात बुरशीचा भाग शिकवत होते! वर्गात फळ्यावर जिचं चित्र काढायचे तशीच दिसली, म्हणून घेतली. कांद्यावर परतली. रात्री साडेआठला जेवलो, दहाच्या आत तिघंही मोरीजवळ रांगेत. पहाटे सलाइन. तीन दिवसांनी घरी आले तेव्हा ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवलेली एक छत्री तशीच होती आणि तिच्याखालच्या कागदावर शेवाळी हिरवी पूड पडली होती. तिचं नाव क्लोरोफिलम. कोवळेपणी पांढरे कल्ले, जून झाल्यावर हिरवट, आणि बीजाणू, म्हणजे बियांसारखी ती पूड, हिरवे. जगभर गवताच्या मैदानांवर उगवते आणि जगभर माझ्यासारख्यांना आडवं करते. मारत सहसा नाही, पण पोटाची पार चाळण करून सोडते. ती छत्री मी त्या रात्री कागदावर ठेवली होती ती सकाळी विद्यार्थ्यांना दाखवायला. कागदावरचा पुडीचा ठसा आधी बघायचा आणि मग पोट, हा क्रम मी उलटा केला.

तर तो ठसा. तुमच्या ‘खात्रीने ओळखण्याची रीत’ या प्रश्नाला माझं खरं उत्तर ‘अशी एक रीत नाही’ हेच आहे, पण ठसा घ्यायला शिका, कारण त्यात मजा आहे आणि सात वर्षांच्या मुलाला त्याहून चांगला रविवार मिळायचा नाही. मात्र रानातली नको. दुकानातून उघड्या टोपीची मोठी तपकिरी पोर्टोबेलो आणा, सोबत ऑयस्टर अळंबी आणा. दांडा टोपीलगत कापायचा, कल्ले खाली करून टोपी कागदावर ठेवायची, अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा, म्हणजे फिका रंगही दिसेल. वर वाटी उपडी घालायची. रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी वाटी उचलली की कल्ल्यांची रेघन् रेघ कागदावर उतरलेली असते, रांगोळीसारखी. पोर्टोबेलोची चॉकलेटी, ऑयस्टरची पांढरट किंवा जांभळट छटेची. अळमीचा ठसा गुलाबीसर येतो, डेथ कॅपचा पांढरा. मात्र पांढरा ठसा खाण्याच्या कित्येक अळंब्यांचाही असतो, आणि गुलाबी ठशाच्याही काही विषारी आहेत. ठसा फार तर ‘ही ती नव्हे’ एवढं सांगू शकतो. ‘खा’ असं तो कधीच सांगत नाही.

अळंबी ओळखणारी माणसं काय करतात, ते बघितलंत तर कळेल. ती आधी झाडाकडे बघतात. कोणतं झाड, जमिनीतून उगवली की लाकडातून, एकटी की घोळक्याने. मग बोटांनी आजूबाजूची माती मोकळी करून अख्खी, बुडासकट काढतात. कोवळी, तरणी, जून अशा तिन्ही वयांच्या बघतात. चिरून रंग बदलतो का, वास कसा येतो. मग ठसा. आणि एवढं करूनही शंका उरली तर फेकतात. त्या माणसांनीही हे एका प्रदेशात, दहा-वीस पावसाळे कुणाच्या तरी मागे फिरून शिकलेलं असतं. कॅलिफोर्नियातला जाणकार उद्या कुडाळला आला तर तुमच्या आईच्या मागेमागे फिरेल आणि तेच योग्य आहे.

आता राहिला तुमचा पहिला प्रश्न. टाकलीत हे शंभर टक्के बरोबर. पण रात्री दीडला, न सांगता, हे मला बोचलं. आणि तुम्हालाही बोचलं असणार, नाहीतर पत्र लिहिलं नसतंत.

सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या बाईचं तिथे काय असतं हो? गाडी चालवता येत नाही. शेजारी कोण राहतं माहीत नाही. भाजी कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवता, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं ते नातू सांगतो. गावात ज्या बाईला विचारून लोक लोणच्याचा आंबा निवडतात, तिला इथे मायक्रोवेव्ह चालवायलाही शिकावं लागतं. आणि एका रविवारी पावसाच्या वासात, ओल्या पानांत, एकदम ओळखीचं काहीतरी दिसतं. चार माणसांत तीच एकटी ते ओळखते! तुम्ही सगळे तिच्याकडे बघता, जावई चाकू काढून देतो, नातू पिशवी धरतो. अशा वेळी वारूळ शोधायचं कुणाला सुचतं? माझ्या मैदानावर मला तरी कुठे सुचलं.

म्हणून आईशी बोलताना ‘तुला चुकीचं वाटलं’ इथून सुरुवात करू नका. इंटरनेटवरचा मजकूरही दाखवू नका. तुमचा मोबाइल त्यांच्या दृष्टीने आधीच एकदा खोटा ठरलाय. विचारा, की आई, त्या ओकखाली वारूळ होतं का? बस. उत्तर त्यांच्याकडेच आहे. त्या थोडा वेळ गप्प बसतील. मग बहुधा म्हणतील, वारूळ नव्हता खरा. आणि मग तुम्ही वाळवीचं सगळं सांगा, ती इथे नाहीच हे सांगा. आपली ओळख चुकली यापेक्षा आपला नियम बरोबर होता हे ऐकणं कोणालाही सोपं जातं, आणि इथे तर ते शब्दशः खरं आहे. शिवाय माफी मागा, डबा न सांगता रिकामा केल्याबद्दल. अळंबी टाकल्याबद्दल नको.

आई फेब्रुवारीपर्यंत आहेत म्हणता, तर आणखी एक करा. जानेवारीत सांताक्रूझला दर वर्षी अळंबीची जत्रा भरते, फंगस फेअर. फ्रीमॉन्टहून गाडीने फार लांब नाही. तिथली हौशी माणसं आसपासच्या रानातली शेकडो जातींची अळंबी मांडून ठेवतात, मुळासकट, खाली नाव, खाण्याची की विषारी ते लिहिलेलं. डेथ कॅप तिथे वाटीसकट बघायला मिळाली तर तिच्यासमोर आईंना थोडा वेळ उभं राहू द्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकोलॉजिकल सोसायटीचे लोकही वाटाड्यांसह रानफेऱ्या काढतात. १९५० पासूनची संस्था आहे. आणि हो, इस्ट बे विभागाच्या ज्या सार्वजनिक उद्यानांत तुम्ही लोक फिरायला जाता, तिथून अळंबी काढायला मुळात परवानगीच नाही. त्या रविवारचं जाऊ द्या, कुणाला सांगू नका.

खोबऱ्याचं वाटप त्यांच्या मनात राहून गेलं असेल, ते दुकानातल्या ऑयस्टरला घाला. अळमीची सर येणार नाही आणि आई ते तोंडावर सांगतील. सांगू द्या.

पुढच्या वर्षी तुमची सुट्टी आषाढ-श्रावणात घेता आली तर मुलाला घेऊन गावी जा. पहाटे आईबरोबर निघा, वारुळाशी बसा, तो लांब दांडा न तोडता कसा काढायचा ते बघा. वारूळ मात्र उकरू देऊ नका, कोवळ्या कळ्या ओरबाडू नका, काही छत्र्या उमलायला तशाच ठेवा. गोव्याचे बुरशीतज्ज्ञ नंदकुमार कामत कित्येक वर्षं हेच कानीकपाळी ओरडत आहेत. आता आई तुम्हाला त्यांची जागा दाखवतील का, ते मात्र मी सांगू शकत नाही. माझ्या मावशीने तिच्या सख्ख्या सुनेला दाखवली नव्हती.